बकऱ्यांमागं कोण: जर्मन शेफर्ड की गावठी?

यवतमाळकडचा पुतण्या विचारतो, "काका, बकऱ्यांसाठी जर्मन शेफर्ड घेऊ का?"

जात गुणाचीच. 1899 पासून जर्मनीत मेंढ्या राखायलाच घडवलेली. कळपाच्या कडेनं येरझारा घालत शेजारच्या पिकात तोंड घालू देत नाही. पण शिकवणारा हवा. आणि आपला मे महिना! 45 अंशांत ते दाट दुहेरी केसांचं जनावर निंबाखाली धापा टाकत पडतं, केसांत गोचीड वेगळे. खुराक, डॉक्टर, सगळंच महाग.

गावठी कुत्रा भाकर-ताकावर निभतो, ऊन सोसतो, चाहूल लागताच भुंकतो. कळप वळवणं मात्र त्याच्या मर्जीवर. बिबट्यापुढं दोघंही कमीच. रेबीजची लस दोघांनाही.

दिवसभर रानात फिरणाऱ्यानं गावठी पिल्लू बकऱ्यांतच वाढवावं. सावली, पैसा आणि शिकवायला वेळ असेल त्यानं शेफर्ड आणावा.