सोमवारचा खास पास

आमचं गाव मालेगाव तालुक्यात, कवळाण्यापासून जवळच. कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे त्यांनी बडोद्यात बांधलेला लक्ष्मी विलास पॅलेस एकदा बघायचाच, हे कधीपासून डोक्यात होतं. नाताळच्या सुट्टीत योग आला. आम्ही नाशिकहून अकरा जण, टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलेली, शनिवारी निघून सोमवारी रात्री परत.

तिकिटांचं आधी बघून ठेवावं म्हणून फोनवर शोधलं. सगळ्यात वर एक नंबर आला, पॅलेसचा सुंदर फोटो लावलेला. त्या नंबरावरचा माणूस हिंदीत सुरू झाला, पण माझं आडनाव ऐकताच मराठीत वळला. "साहेब, आम्ही पण मराठीच. दांडिया बाजारात राहतो." बडोद्यात मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत, दांडिया बाजार तर त्यांचाच. मला घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

तो स्वस्त काहीच देत नव्हता, हे मुद्दाम सांगतो. स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर मी सावध झालो असतो. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. तो म्हणाला, रोजचे पर्यटक दरबार हॉल बघून निघून जातात. तुम्हाला राजघराण्याच्या खासगी दालनांत नेतो, बागेतली नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, दाखवतो, महाराजांच्या मुलांना शाळेत नेणाऱ्या छोट्या रेल्वेची जागाही दाखवतो. आणि सोमवारी या, त्या दिवशी गर्दी अजिबात नसते.

गर्दी का नसते, हे मी विचारलं नाही.

ही रेल्वे खरंच होती, वावही खरी आहे, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची. मी हे सगळं वाचलेलं होतं, म्हणून तर त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला. पण गायकवाड घराणं आजही त्या वाड्यात राहतं, हेही मी वाचलेलंच होतं. राहत्या घराच्या आतल्या खोल्या कुणी माणशी साडेसहाशे रुपयांत दाखवेल का? लोकांना दिसत नाही ते आपल्याला दिसणार, एवढ्या एका हावेपायी डोळ्यांवर झापड आली.

अकरा जणांचे 7,150 रुपये यूपीआयने पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. मी क्षणभर थांबलो. तो लगेच म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, साहेब." पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर पास आला. वर दरबार हॉलचा रंगीत काचांचा फोटो, खाली माझं नाव, सोमवारची तारीख, आणि 'लक्ष्मी'च्या जागी 'लक्षमी'. ही चूक बायकोने दाखवली. मी म्हटलं, गुजरातेत छापलंय, चालायचंच. मग खासगी दालनांसाठी माणशी पाचशे अनामत, परत मिळणारी. आणखी 5,500 गेले.

शुक्रवारी रात्री बडोद्याच्या आत्याला फोन केला, सोमवारी दुपारी जेवायलाच येतो म्हणून. आत्या म्हणाली, "अरे, सोमवारी पॅलेस बंद असतो रे! एखाद्या रिक्षावाल्याला विचारलं असतंस तरी त्याने सांगितलं असतं."

पोटात गोळा आला. तरीही खरी अक्कल गहाण टाकली ती इथून पुढे. मी त्याच नंबरावर फोन करून रागावलो. तो एकदम नरम. "साहेब, काही अडचण असेल तर पूर्ण पैसे परत करतो. क्यूआर कोड पाठवतो. स्कॅन करा, पिन टाका, लगेच जमा." भांडला असता तर मी फोन ठेवला असता. पैसे परत द्यायला तयार आहे म्हटल्यावर तो चोर नसावा, असं वाटलं. कोड स्कॅन केला, त्यावर 12,650 हा आकडा दिसला, बरोबर आपलीच रक्कम. पिन टाकला. जमा व्हायच्या ऐवजी तेवढेच आणखी वजा. एकूण 25,300.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. हे मला माहीत होतं. बँकेचे असे मेसेज मी स्वतः नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवलेले आहेत.

मुलाने तिथल्या तिथे 1930 ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम विचारून घेतात, तेव्हा मेसेज पुसू नका आणि सकाळची वाट बघू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायला तासही लागत नाही. आमच्यापैकी चार हजार समोरच्या खात्यात गोठवल्याचा मेसेज आला. ते अजून हातात नाहीत. बाकीचे गेले.

मुक्काम एक दिवस वाढवून मंगळवारी पॅलेसला गेलो. तिकीट तिथल्याच खिडकीवर, ऑडिओ गाईड त्यातच. फत्तेसिंह म्युझियमचं तिकीट वेगळं काढायचं. राजा रविवर्म्याची चित्रं बघायची असतील तर ते चुकवू नका. आधीपासून काही ठरवायची गरजच नव्हती. वाड्याचं काम मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराने सुरू केलं आणि त्याच्या मृत्यूनंतर चिझमने ते 1890 मध्ये पुरं केलं. बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट, हे तर येणारा-जाणारा प्रत्येक जण ऐकवतो. मी मात्र त्या हिरवळीवर उभा राहून कवळाण्याचाच विचार करत होतो. त्या बारा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा बडोदा बघताना काय वाटलं असेल?

दरबार हॉलमध्ये नातीने फोटो काढायला मोबाईल वर केला. तिथल्या माणसाने हातानेच नाही म्हटलं, आत फोटोला बंदी आहे. म्हणजे दरबार हॉलचा माझ्याकडे एकच फोटो आहे, तो त्या पासावरचा. तक्रारीचा पुरावा म्हणून पुसताही येत नाही.