खोक्यावर सहा, आत तीन : तयार खुराड्याचा वर्षभराचा अनुभव

खोक्यावर सहा गुबगुबीत कोंबड्यांचं चित्र आहे. सगळ्या खुराड्याबाहेर, गवतात. आत एकही दाखवलेली नाही. ती का दाखवली नसावी, हे खुराडं जोडून झाल्यावर कळलं.

दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे छापील आकड्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. टेप घेऊन बसले. झोपायची खोली आतून 4 फूट बाय अडीच, म्हणजे 10 चौरस फूट. मोठ्या कोंबडीला निवाऱ्यात 3 ते 4 चौरस फूट जागा लागते, म्हणजे तीन कोंबड्या. बसायची दांडी 30 इंच, आणि एकीला 8 ते 10 इंच हवेत. पुन्हा तीनच. पुढचं जाळीचं अंगण 15 चौरस फुटांचं. तिथे दर कोंबडीमागे 8 ते 10 धरतात, म्हणजे दिवसभर बंद ठेवायच्या तर दोघीसुद्धा अवघडतील. मग सहा आल्या कुठून? खोली, अंगण आणि अंड्यांचे कप्पे यांची सगळी जमीन एकत्र मिळवली आणि तिला निवाऱ्याचाच 4 चौरस फुटांचा हिशेब लावला, तर सहा येतात.

सासूबाईंनी लहानपणी कोंबड्या सांभाळल्यात. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, यात सहा कोंबशील तर आठवड्यात एकमेकींची पिसं उपटतील." मी चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. एक जास्तच, पण दिवसा त्या परसात मोकळ्या असणार होत्या.

जोडणी 'फक्त एका तासात' असं लिहिलंय. आम्हा दोघांना सकाळ ते दिवेलागण लागली. आधीच पाडलेली भोकं एकमेकांसमोर येत नव्हती, आणि एका फळीवर आकड्याची चिठ्ठीच नव्हती. हे मी माफ केलंय. लाकूड बरं आहे, बिजागऱ्या गंजलेल्या नाहीत.

जाळी मात्र माफ करणार नाही. ती पातळ तारेची, षटकोनी घरांची, आणि लाकडाला नुसत्या स्टेपलच्या पिनांनी ठोकलेली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी खालचा कोपरा पाकिटाच्या झाकणासारखा वर आलेला दिसला. चार पिना मातीत, थोडी तांबडी पिसं, आणि कोंबड्या तीन. मुंगूस की मांजर, शेवटपर्यंत कळलं नाही. अंगणातून खोलीत जायचं दार मी त्या रात्री लावलं नव्हतं, ही माझी चूक. पण दार उघडं होतं म्हणून जाळी उचकटली जाऊ नये ना! कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की जाळी कोंबड्या आत राहाव्यात यासाठी दिलेली आहे. खरं सांगायचं तर उत्तर अचूक आहे. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. फक्त हे खोक्यावर लिहायला हवं होतं.

आता सगळीकडे अर्ध्या इंचाच्या घरांची वेल्ड केलेली जाळी आहे, पिनांऐवजी वॉशर घालून स्क्रूने आवळलेली. तीच जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीवर आडवी पसरून वर माती टाकलीय. उकरणारा प्राणी भिंतीला खेटून उकरायला लागतो आणि त्याचे पंजे तारेवर आपटतात. दाराची लाकडी खिटी काढून टाकली, कारण ती नुसती फिरवायची असते आणि फिरवणं कुणालाही जमतं.

दुसरा दोष महिनाभराने नाकाला कळला. खोलीला खिडकी आहे, पण वर छपराखाली हवा जायला वाट नाही. सकाळी दार उघडलं की डोळ्यांत झोंबायचं. तो अमोनिया, ओल्या शिटीतून सुटणारा, आणि माणसाच्या नाकाला वास येण्याइतका असेल तर रात्रभर त्यातच बसणाऱ्या पाखरांच्या छातीचं काही खरं नाही. छपराच्या लगत दोन्ही बाजूंना भोकं पाडून जाळी लावली. भोकं दांडीच्या पुष्कळ वर हवीत, म्हणजे झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर झोत येत नाही. वास गेला.

छपरावर डांबरी कापडासारखं काहीतरी चिकटवलंय, तेही मी काढलं. त्याच्या खाली रात्री रक्त पिणारे बारीक लाल किडे लपतात. दिवसा दिसत नाहीत. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या टोकाखालून पांढरा कागद फिरवायचा. लाल रेघोट्या उठल्या तर किडे आहेत असं समजायचं.

एवढं बोलून झाल्यावर आता ज्यासाठी हे खुराडं मी परत केलं नाही, ते सांगते. दांडीखालचा पत्र्याचा ट्रे. खोलीची अख्खी जमीन म्हणजे हा ट्रे, बाहेरूनच ओढून काढता येतो. कोंबडी दिवसाला 100 ग्रॅमहून जास्त शिटते, आणि त्यातलं बरंचसं रात्री दांडीवर बसून. म्हणजे रोज सकाळी एका जागी, गोळा करून ठेवलेलं खत. मी ट्रेमध्ये लाकडाचा भुसा पसरते आणि दर दोन दिवसांनी सरळ कुंपणाशी असलेल्या ढिगावर ओतते. वाकून खरवडावं लागत नाही. परसातली भाजी आणि कोंबड्या हे दोन वेगळे छंद न राहता एकच काम झालं ते या ट्रेमुळे.

पहिल्या खेपेला मी उतावीळपणा केला. ताजी शीट टोमॅटोच्या बुंध्याशी टाकली. चौथ्या दिवशी खालच्या पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. नत्र इतकं कडक असतं की मुळं भाजतात. शिवाय ताज्या शिटीत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. आता एक घमेलं ट्रेमधलं तर दोन-तीन घमेली सुका पाला, असा थर देते. तीन कोंबड्यांचा ढीग लहान, तो फारसा तापत नाही, म्हणून घाई करत नाही. ढीग काळा, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचा झाला की वाफ्यात जातो. पालकासारख्या मातीला टेकणाऱ्या भाजीच्या वाफ्यात कच्चं काहीच घालत नाही. ज्या वाफ्यात ते खत गेलं, तिथला दुधी यंदा कुंपण ओलांडून निघाला.

अंड्यांचे कप्पे दोन, फूटभर चौरस, झाकण बाहेरून उघडतं. सोय चांगली. चार-पाच कोंबड्यांना एक कप्पा पुरतो, त्यामुळे दोन म्हणजे चैन. आमच्या तिघी मात्र डाव्याच कप्प्यासाठी रांग लावतात. उजवा वर्षभर कोरा आहे.

'रोज सहा ताजी अंडी' हे वाक्य खोक्यावरून पुसायला हवं. तलंग साधारण पाचव्या महिन्यात अंड्यावर येते. एक अंडं तयार व्हायला 24 तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून रोजची वेळ पुढे सरकत जाते आणि मग एखादा दिवस खाडा पडतो. पिसं झडायला लागली किंवा दिवस लहान झाला की आणखी खाडे. आम्हाला बहुतेक दिवशी दोन मिळतात. खाणं एकीचं दिवसाला 110 ते 120 ग्रॅम, अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. जिला हवा तीच खाते.

एक गोष्ट या खुराड्याशी संबंधित नाही, पण घेणाऱ्याला कामाला येईल. खुराड्याआधी भाजीला कुंपण घाला. मेथीचा अख्खा वाफा आमच्याकडे एका दुपारी उकरला गेला, आणि कोंबड्या मधोमध धुळीत लोळत होत्या. आता वाफा रिकामा झाला की चार दिवस त्यांनाच आत सोडते. अळ्या, तण, पडलेलं बी, सगळं साफ.

पाचपैकी तीन तारे. दोन ट्रेचे, एक कप्प्यांच्या झाकणाचा. तीन कोंबड्या ठेवणार असाल आणि जाळी बदलायची तयारी असेल तर घ्या. सहा ठेवायच्या असतील तर सुताराला बोलवा, आणि त्याला ट्रेचं माप नक्की द्या. आमचा सुतार परवा येऊन ट्रे ओढून बघून गेला. सासूबाईंनी त्याला दांडी मात्र 6 फुटांची सांगितलीय.