एएफएमवर चिकटपणा मोजताना: पावसाळा ते थंडी, वापरानंतरचा अनुभव

रिझोल्यूशन, स्कॅन-रेंज वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो. नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये हे एएफएम मशीन (ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणारं) पावसाच्या तोंडावर बसलं, आता थंडी सरत आली आहे. काम मुख्यतः फोर्स-कर्व्हचं. इथल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कोटिंगवाल्यांची सॅम्पलं येतात. टिप, म्हणजे लवचिक पट्टीच्या टोकाची ती सुई, पृष्ठभागाला टेकवायची, मागे ओढायची आणि सुटताना किती जोर लागला ते आलेखावर, म्हणजे कर्व्हवर, बघायचं.

तक्रार एकच, पण ती डोक्यात जाते. हूडच्या (मशीनवरच्या झाकणाच्या) आतली आर्द्रता आटोक्यात ठेवायची काही सोयच नाही! ऐन पावसाळ्यात साध्या काचेवर सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा. टिप सुटताना कर्व्ह एका झटक्यात बेसलाइनवर (शून्य जोराच्या रेषेवर) यायला हवी. ती रेंगाळत, पायऱ्या घेत वर यायची. सर्व्हिस इंजिनिअरचं उत्तर, ‘एसी लावा.’ एसी चालूच होता. मग ह्युमिडिटी सेलचं (आर्द्रता ठरावीक ठेवणाऱ्या बंद कप्प्याचं) कोटेशन आलं. तेवढ्या पैशांत वर्षभराच्या टिपा येतात.

कारण सरळ आहे. दमट हवेतलं पाणी टिप आणि काचेमधल्या फटीत साठतं आणि दोघांना धरून ठेवतं. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या टिपेला, पाणी सहज पसरतं अशा काचेवर, हा ओढाच साधारण ९ नॅनोन्यूटन भरतो. मग कोटिंगचा स्वतःचा चिकटपणा किती, हे कसं कळणार?

थंडी पडली, हवा कोरडी झाली, आणि माझं मत बदललं. काचेवरचा आकडा खाली आला, पण फ्लोरिनवाल्या कोटिंगचा जवळपास पावसाळ्यातलाच राहिला. तिथे पाण्याचा काँटॅक्ट अँगल (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) ९० अंशांच्या वर, म्हणजे पाणी पसरत नाही, त्यामुळे फटीत ते फारसं साठत नाही. म्हणजे दमट आणि कोरड्या हवेतल्या आकड्यांमधला फरक हेच पृष्ठभाग किती ओला होतो याचं माप! काँटॅक्ट अँगलसाठी टाकलेला दोन-तीन मायक्रोलिटरचा थेंब मिलिमीटरभर जागेची सरासरी देतो. इथे थेंबाला न दिसणारी कोटिंगमधली उघडी जागा सापडते.

ह्युमिडिटी सेल घेतलाच नाही. जवळच सातपूरला मशीनवर बसेल असा ॲक्रिलिकचा डबा करून घेतला, आत मिठाच्या संपृक्त द्रावणाची वाटी. स्वयंपाकाचं मीठ ७५ टक्के आर्द्रता धरतं, मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे, रात्रभर थांबायचं, आणि वाटी स्कॅनरपासून लांब ठेवायची, नाहीतर गंज.

थर्मल ट्यून, म्हणजे उष्णतेमुळे होणाऱ्या पट्टीच्या थरथरीवरून तिचा ताठपणा मोजणं, मात्र मनापासून आवडलं. टिपेच्या बॉक्सवरच्या स्प्रिंग-काँस्टंटवर (ताठपणाच्या आकड्यावर) जाऊ नका: तो पट्टीच्या जाडीच्या घनावर ठरतो, जाडी १० टक्के वाढली की आकडा ३३ टक्के वाढतो. सॉफ्टवेअरमध्ये थर्मल ट्यून फुकट आहे, प्रत्येक नव्या टिपेला करा.

नाशिकसारख्या गावात मशीन घेणार असाल तर कोरड्या नायट्रोजनची नळी आत घेता येईल असं हूड ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नंतर त्याच भोकाचे वेगळे पैसे लावतात.