रिबिल्ड केलेल्या मारुती ८०० मधला कार्बन आणि बोअरस्कोप कॅमेरा: काही महिने वापरल्यानंतर

रिव्ह्यू मुद्दाम उशिरा टाकतोय, असल्या वस्तूचं दोन दिवसांत काही कळत नाही. गाडी १९९७ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००, राहायला कोल्हापूर. मागच्या वर्षी इंजिनचं पूर्ण काम करून घेतलं, बोअरिंग, ०.५० ओव्हरसाइज पिस्टन, नवीन रिंगा, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग सगळं. सुरुवातीचे हजार-दीड हजार किलोमीटर थोडं ऑइल खाणार हे धरलेलंच होतं, रिंगा बोअरला बसेपर्यंत तेवढं चालतं. पण नंतरही प्लग काढला की काळा, आणि साखरप्याकडनं आंबा घाट चढताना लोडवर नॉकिंग, म्हणजे इंजिनात टकटक आवाज. गॅरेजमध्ये सांगितलं रिंगा धरल्या नाहीत, इंजिन परत खोलावं लागेल. नवीन काम झालेलं इंजिन नुसत्या अंदाजावर परत खोलणं मला पटेना, म्हणून प्लगच्या होलमधनं इंजिनच्या आत बघायचा हा कॅमेरा मागवला.

साडेपाच एमएमची वायर, पुढं एलईडी, एक लेन्स समोर आणि एक बाजूला, मोबाईलला ओटीजीनं जोडायचा. घेणाऱ्यांना एकच सांगतो, बाजूची लेन्स नसलेला घेऊ नका. समोरच्या लेन्सनं फक्त पिस्टनचं डोकं दिसतं, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असतात, ते बघायला कॅमेऱ्याला वळून वर बघता आलं पाहिजे. फोकस फिक्स आहे, साधारण तीन ते आठ सेंटीमीटर. पिस्टन वर असताना बघितलं तर सगळं धुरकट दिसतं, म्हणून आधी पिस्टन तळाला न्यायचा, ८०० चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ७२ एमएम आहे त्यामुळे अंतर बरोबर जमतं आणि बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या (बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या) क्रॉस रेघा शिल्लक आहेत का तेपण दिसतं. लाइट फुल ठेवू नका, ॲल्युमिनियमवर इतकी चमक येते की ओला कार्बन आणि कोरडा कार्बन यातला फरकच कळत नाही, आणि खरी गंमत त्या फरकातच आहे.

कार्बन दोन वाटांनी येतो, पेट्रोल जास्त जाऊन नीट जळलं नाही म्हणून, नाहीतर ऑइल वर येऊन जळतं म्हणून. पेट्रोलचा असेल तर काळा, कोरडा, बोट लावलं की काजळीसारखा निघणारा. ऑइलचा असेल तर चकचकीत, ओलसर, जाड थर धरलेला. पिस्टनच्या डोक्यावर कडेनं धातू धुतल्यासारखा स्वच्छ आणि मधेच कार्बन असं दिसलं तर ऑइल रिंगांवरनं वर येतंय असा संशय घ्यायचा. इन्टेक व्हॉल्व्हवर ओलं दिसत असेल आणि पिस्टनची कड नॉर्मल असेल तर व्हॉल्व्हचा गाईड (ज्या नळीत व्हॉल्व्हची दांडी सरकते) नाहीतर त्यावरचं ऑइल अडवणारं सील बघायचं. या इंजिनात तीनच सिलिंडर आणि प्रत्येकाला दोनच व्हॉल्व्ह, त्यामुळे एकमेकांशी ताडून बघणं फार सोपं जातं. तिन्ही सारखेच काळे असतील तर कारण तिघांचं मिळून आहे, म्हणजे कार्बोरेटर, चोक, एअर फिल्टर, इग्निशन. एकच वेगळा असेल तर दुखणं त्या सिलिंडरचं स्वतःचं.

माझ्या गाडीत दोन्ही निघालं! तिन्हीत कोरडी काजळी, आणि तीन नंबरला त्यावर इन्टेकच्या बाजूनं ओला चकचकीत थर. पिस्टनच्या कडा मात्र तिन्ही ठिकाणी ठीक. मग सिलिंडरमधलं प्रेशर मोजायचा कम्प्रेशन टेस्टर लावला, इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. तीन नंबरचं प्रेशर बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच आलं, कार्बननं चेंबरमधली जागा खाल्ली की असं होतं. चमचाभर ऑइल सोडून परत टेस्ट केली, फारसा फरक नाही. रिंगा गेलेल्या असत्या तर मुळात प्रेशर कमी आलं असतं आणि ऑइल सोडल्यावर वर चढलं असतं. सकाळी स्टार्ट करताना आणि घाट उतरून परत ॲक्सिलरेटर दिला की निळा धूर, तोपण सीलकडेच बोट दाखवत होता.

दुसऱ्या फिटरकडं गेलो. त्याने हेड न काढता काम केलं, प्लगच्या होलमधनं नायलॉनची दोरी आत सोडून पिस्टन वर आणला म्हणजे व्हॉल्व्ह आत पडत नाही, आणि सील बदललं. जुन्या सीलची कड फाटलेली होती. चोकची केबल बटण आत ढकललं तरी पूर्ण परत येत नव्हती, फ्लॅप जरासा बंदच राहायचा, म्हणजे गाडी कायम रिच, पेट्रोल जास्त घेऊन चालत होती. केबल बदलली. मग प्लगच्या होलमधनं डीकार्बनचा फोम सोडून रात्रभर ठेवला, सकाळी प्लग न लावता स्टार्टर मारून घाण बाहेर काढली आणि ऑइल लगेच बदललं. ते बदलायलाच पाहिजे, फोम रिंगांमधनं खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो आणि ऑइल पातळ करतो.

त्यानंतर मी दर सर्व्हिसला कॅमेरा घालून त्याच जागेचे फोटो काढून ठेवतो. पहिला-दुसरा सिलिंडर फिकट तपकिरी झालाय, तिसऱ्याला एक्झॉस्टच्या बाजूला जुना कडक थर थोडा आहे पण ओलेपणा कुठंही नाही. घाटात आवाज येत नाही, ॲव्हरेज सुधारलं, ऑइलची लेव्हल दोन सर्व्हिसच्या मधे जागची फारशी हलत नाही. या फोटोंचा मला स्वतःला खूप उपयोग झालाय, कुणी काही सांगितलं तर आधीचा फोटो काढून ताडून बघता येतं.

कॅमेऱ्याच्या तक्रारी पण आहेत. बॉक्सवर लिहिलेलं रिझोल्यूशन प्रत्यक्षात दिसत नाही, ॲप मधेच बंद पडतं, आणि माझ्या जुन्या मोबाईलला तो ओळखलाच नाही, घेताना ओटीजी सपोर्ट बघून घ्या. वायर थोडी कडक आहे ते चांगलं, हवी तशी वाकवून धरता येते. गरम इंजिनात घालू नका, लेन्सवर वाफ धरते आणि एलईडी जायची भीती असते. रिंगांच्या खाचेत अडकलेला कार्बन याला कधीच दिसणार नाही, त्यासाठी कम्प्रेशन नाहीतर लीकडाऊन टेस्टच (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठनं गळते ते बघणं) करावी लागते, म्हणून जमत असेल तर कॅमेऱ्याबरोबर साधा कम्प्रेशन टेस्टर पण घ्या. जुनी कार्बोरेटरवाली गाडी स्वतः सांभाळणाऱ्याला मी हे दोन्ही बिनधास्त घ्या असं सांगेन, पाचपैकी चार स्टार.