एव्हरेस्ट बेस कॅम्प की लांगटांग? दोन्ही केल्यावरचा माझा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. घरातून निघून घरी परत येईपर्यंत पंधरा-सोळा दिवसांची सुट्टी नसेल तर एव्हरेस्ट बेस कॅम्प या वेळी राहू द्या आणि लांगटांगला जा, म्हणजे नेपाळमधल्याच, काठमांडूच्या उत्तरेकडच्या लांगटांग दरीत. आणि सुट्टी असेल, पण एव्हरेस्टच बघायचाय असा हट्ट नसेल, नुसता हिमालय बघायचाय, तरी मी लांगटांगच म्हणेन. दोन्ही ट्रेक वेगवेगळ्या वर्षी केलेत, दोन्ही आवडलेत, पण कुणी विचारलं की मी कुठे पाठवते तर लांगटांगला.

खुंबूबद्दल, म्हणजे एव्हरेस्टच्या भागाबद्दल, वाईट बोलायचंच नाहीये मला. नामचे बाजारला पहिल्यांदा वर पोचल्यावर ते घोड्याच्या नालासारखं वसलेलं गाव दिसतं, पाठीमागे कोंगदेचा डोंगर, आणि त्या चढणीवर निघालेला सगळा जीव परत जागेवर येतो. तेंगबोचेच्या मठासमोरून अमा दब्लम दिसतो तो तर ६,८१२ मीटरचाच आहे, तिकडच्या हिशोबात लहानच, पण मला विचाराल तर एव्हरेस्टपेक्षा देखणा. थुकलाच्या चढावर गेलं की एव्हरेस्टवर गेलेल्या लोकांची स्मारकं आहेत, दगडांच्या राशी आणि त्यावर पताका, आणि तिथे आमच्या ग्रुपमधल्या अखंड बडबडणाऱ्या लोकांनी पण आपसूक टोप्या काढल्या. हे सगळं दुसरीकडे कुठे मिळत नाही हे मान्य.

पण सगळं गाडं अडतं लुक्लाला, जिथे विमानाने उतरून चालायला सुरुवात होते. सीझनमध्ये, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे, लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूहून न सुटता रामेछाप जिल्ह्यातल्या मंथली गावच्या विमानतळावरून सुटतात. म्हणजे रात्री एक-दोनला काठमांडूतून गाडीत बसायचं, चार-पाच तास वळणं खात जायचं आणि पहाटे त्या छोट्याशा एअरपोर्टवर नंबर लागायची वाट बघायची. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटरची, ती पण चढावर, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी, त्यामुळे ढग आले की विमान नाही, आणि तिथे दुपारी ढग येतातच. आमचं एक दिवस विमान झालंच नाही. एजन्सीवाल्याने आम्हाला आधी इतकंच सांगितलं होतं की लुक्ला अर्ध्या तासावर आहे, रामेछापचा विषयच काढला नव्हता, आणि बफरचा दिवस प्लॅनमध्ये धरला नव्हता. मंथलीत चहा पीत बसलेली निम्मी माणसं मोबाईलवर परतीची तिकिटं बदलत होती.

आता हे नुसतं गैरसोयीचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. खरा धोका यानंतर सुरू होतो. लुक्ला साधारण २,८५० मीटरवर, नामचे ३,४४०, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४० आणि गोरक शेप ५,१६४. तीन हजारच्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं, हा साधा नियम आहे. म्हणून नामचेला दोन रात्री आणि डिंगबोचेला दोन रात्री काढायच्या असतात. पण विमानात एक-दोन दिवस गेले आणि ऑफिसला सोमवारी हजर व्हायचंय म्हटलं की लोक नेमके हेच दोन दिवस कापतात. आराम म्हणजे चैन असं समजतात ना. मग लोबुचेला पोचेपर्यंत डोकं फुटतं, जेवण जात नाही, रात्री झोप नाही, आणि तरी माणूस म्हणतो एवढे पैसे भरलेत, उद्या बेस कॅम्प करूनच जाऊ. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेतली म्हणजे झालं असं पण नसतं, आणि ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. खुंबूत एक गोष्ट मात्र चांगली, फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, सीझनमध्ये डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या त्रासावर सगळ्यांना समजावून सांगतात. डिंगबोचेच्या आरामाच्या दिवशी चालत जाऊन ते ऐकून या, दिवसाचं चीज होतं.

आणि बेस कॅम्पचं स्वतःचं काय? ५,३६४ मीटरवर दगड, बर्फ आणि खुंबू आईसफॉलचं, म्हणजे हिमनदीच्या तुटक्या बर्फाच्या उताराचं, तोंड. तिथून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही! हे माहीत नसलेले लोक मला तिथे भेटले. मोहिमांची ती पिवळी तंबूंची वस्ती साधारण एप्रिल-मेमध्ये असते, दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर तंबू शोधू नका. शिखर बघायचं तर काला पत्थर चढायचा, साडेपाच हजारच्या वर, आणि सगळे पहाटे अंधारात थंडीत कुडकुडत जातात पण सूर्य एव्हरेस्टच्या पाठीमागून येतो, त्यामुळे सकाळी शिखर काळंच दिसतं. तब्येत आणि हवा बरी असेल तर संध्याकाळी जा, सोनेरी उजेड थेट शिखरावर पडतो. फक्त उतरताना अंधार होणार, तर हेडलॅम्प आणि गाईड सोबत पाहिजेच.

गर्दीचं म्हणाल तर फाकडिंगपासून झुलत्या पुलांवर खेचरं आणि झोप्क्यांचे (याक आणि गाईच्या संकराचे) तांडे, तांडा आला की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं (दरीच्या बाजूला कधीच नाही, धक्का लागला तर संपलं), आणि डोक्यावर दिवसभर हेलिकॉप्टर. वर-वर जाल तसं जेवण, गरम पाणी, चार्जिंग सगळ्याचे भाव चढत जातात. त्यात लॉजवाल्यांचा दोष नाही, सगळं पाठीवरून येतं. पण गोरक शेपला डायनिंग हॉलमध्ये बसायला जागा मिळत नव्हती आणि गाईड-पोर्टर लोक बाकांवर झोपायला सगळ्यांचं जेवण उरकायची वाट बघत होते, ते बघून मला बरं नाही वाटलं.

आता लांगटांग. काठमांडूतल्या माछापोखरीहून सकाळी बस किंवा जीप, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पण सात-आठ तास सहज जातात. रस्ता खराब आहे, सरळ खराब, त्रिशूलीनंतर तर हाडं खिळखिळी होतात आणि पावसाळ्याच्या शेवटी दरडी पडलेल्या असतात. धुन्चेच्या अलीकडे आर्मीवाले बॅगा उघडून बघतात. पण संध्याकाळी स्याब्रुबेसीला, जिथून चालायला सुरुवात होते तिथे, पोचलात की पोचलात, हवामानाची मिनतवारी नाही. एखादा रस्ता बंद झालाच तर बहुतेकदा दरडीच्या पलीकडून दुसरी जीप मिळते. विमानाचं भाडंही वाचतं, ते वेगळंच.

स्याब्रुबेसी दीड हजार मीटरवर. पहिला दिवस पूर्ण जंगलातून, लांगटांग खोलाच्या काठाने, नदीचा आवाज इतका की मागच्याला ओरडून सांगावं लागतं. बांबू नावाची वस्ती लागायच्या आधी पलीकडच्या कड्याकडे नीट बघा, रानमधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात. लंगूर दिसतात. लाल पांडा पण या जंगलात आहे पण दिसला तर नशीब. एप्रिलमध्ये गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, तो एक वेगळाच ट्रेक होतो.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्या, सगळ्या पॅकेजवाल्यांचा प्लॅन दुसऱ्या रात्री लामा हॉटेल, म्हणजे साधारण २,४५० मीटर, आणि तिसऱ्या रात्री थेट लांगटांग गाव, ३,४३०, असा असतो. एका दिवसात जवळजवळ हजार मीटर. लांगटांग सोपा म्हणून लोक बेसावध असतात आणि त्यांना त्रास होतो तो इथेच. मध्ये घोडातबेला किंवा थांगस्याप, तीन हजारच्या आसपास, तिथे एक रात्र काढा. एक दिवस जास्त लागला तरी स्याब्रुबेसी ते स्याब्रुबेसी आठवड्याभरात होतं आणि हाच तर या वाटेचा फायदा आहे, जास्तीचा दिवस परवडतो. शिवाय त्रास झाला तर वाटेवरच्या शेवटच्या क्यांजिन गावाहून एका दिवसात हजार-चौदाशे मीटर खाली उतरता येतं. दवाखाना मात्र फेरिचेसारखा इथे धरून चालू नका.

लांगटांग गावाबद्दल थोडं थांबून लिहायचंय. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरच्या कड्यावरून बर्फ आणि दगड सुटले आणि अख्खं गाव गाडलं गेलं. गावातली आणि तिथे मुक्कामाला असलेली मिळून दोनशेच्या वर माणसं गेली. हवेच्या नुसत्या झोताने समोरच्या उतारावरची झाडं आडवी झाली होती. वाट आज त्या दगडांच्या पसाऱ्यावरूनच जाते, बोलत बोलत चाललो तर कळणारही नाही की पायाखाली गाव आहे. कड्याच्या आडोशाला असलेलं एकच घर वाचलं. गेलेल्यांची नावं कोरलेलं स्मारक आहे, तिथे एकाच आडनावाच्या ओळीच्या ओळी वाचल्या. आणि लोक परत आले, जरा वरच्या बाजूला नवीन गाव बांधलं, लॉज उभे केले. आम्ही राहिलो तिथली दिदी भूकंपाच्या दिवशी गुरांकडे वर गेली होती म्हणून वाचली. तिनं आपणहून सांगितलं, आम्ही विचारलं नव्हतं, आणि सांगता सांगता ताटात भात वाढत राहिली. तुमचे पैसे अशा घरी जातात ही गोष्ट माझ्यासाठी रिव्ह्यूमधला मोठा मुद्दा आहे.

पुढे क्यांजिन गोम्पा, ३,८७० मीटर, आणि इथे दरी एकदम उघडते. लांगटांग लिरुंग सात हजार दोनशेच्या वरचा, इतका जवळ की मान मागे टाकून बघावं लागतं. स्विस तंत्रज्ञांच्या मदतीने १९५० च्या दशकात सुरू झालेला चीजचा कारखाना गावात आहे, चौरीच्या (याक आणि गाईच्या संकरातल्या मादीच्या) दुधाचं कडक पिवळं चीज मिळतं, तुकडा घेऊन खिशात ठेवा, चढताना कामी येतो. क्यांजिनला किमान दोन रात्री ठेवाच. एक दिवस क्यांजिन री (री म्हणजे डोंगर), आणि दम असेल तर दुसऱ्या दिवशी त्सेर्को री, जवळजवळ ५,००० मीटर, हजारभर मीटरचा सलग चढ, पहाटे निघावं लागतं कारण दहानंतर वारा उभं राहू देत नाही. वरून चारी बाजूंना हिमनद्या. आम्ही होतो तेव्हा माथ्यावर मोजून सात माणसं होती.

कमी काय आहे ते पण सांगते. खोल्यांच्या भिंती फळ्यांच्या, शेजारच्याने कूस बदलली तरी ऐकू येतं. नेटवर्क येतं-जातं. ही काही निर्मनुष्य वाट नाही, सीझनमध्ये क्यांजिनचे लॉज भरतात, आणि परत त्याच वाटेने उतरावं लागतं. ते टाळायचं असेल आणि आणखी चार-पाच दिवस असतील तर उतरताना गोसाइँकुंडाला वळा, ४,३८० मीटरवरचा तलाव, तिथून लौरीबिना खिंड ओलांडून काठमांडूच्या दिशेने उतरता येतं. आणि हो, एव्हरेस्ट दिसत नाही. ऑफिसात फोटो दाखवल्यावर "हे कुठलं?" असं विचारतील, त्याची तयारी ठेवा.

कागदपत्रांचं: भारतीयांना व्हिसा लागत नाही पण पासपोर्ट किंवा व्होटर आयडी न्या, आधारवर विमानाने जाता येत नाही. दोन्हीकडे नॅशनल पार्कची फी आहे, सार्क देशांच्या लोकांना इतर परदेशींच्या अर्धी. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी हा दर ठरलेला आहे, नेपाळी रोख काठमांडूतच काढा, नामचेला एटीएम आहे पण स्याब्रुबेसीच्या वर भरवसा नाही. गाईड एजन्सीकडून घेतलात तर त्याचा विमा आहे का आणि पोर्टरला किती किलो देणार हे तोंडावर विचारा. आणि तारखा काढताना दशैं (नेपाळचा दसरा) कधी आहे ते बघा, त्या आठवड्यात अख्खं नेपाळ गावी जातं, बसचं तिकीट मिळत नाही आणि चांगले गाईड घरी असतात, असावेतच, तेव्हा आपणच दशैं उरकल्यावर जावं.