टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर?

जुन्या गाडीचा हॉर्न किंवा एक हेडलाइट मध्येच दगा देतो, तेव्हा हातात काय घ्यायचं? वडोदऱ्यात ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलेल्या गाड्यांना हे जास्तच लागू, कारण कनेक्टरमध्ये गंज आतल्या आत चढतो.

माझा कल टेस्ट लॅम्पकडे (एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला टोकदार सुई, मध्ये दिवा), तोही साध्या बल्बवाल्या. चिमटा बॉडीच्या उघड्या लोखंडावर लावायचा, इग्निशन आणि तो हेडलाइट चालू ठेवून टोक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या ठिपक्यांना टेकवायचं. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज शाबूत, एकीकडेच पेटला तर उडालेला. फ्यूज उपसायलाही नको.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि करंट मोजणारा मीटर, इथे फसवतो. गंजून हिरवट पडलेल्या वायरवरही तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब भार टाकतो आणि मिणमिणतो. लबाडी उघडी!

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर मात्र मीटरच हवा. सगळं बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून तो केबल आणि बॅटरीच्या मध्ये जोडायचा. ५० मिलिअँपिअरपेक्षा बरंच जास्त दिसलं, तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्याने आकडा पडला, ती लाइन चोर. (तेव्हा स्टार्टर मारलात तर मीटर गेला.) ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि एअरबॅगच्या वायरींना बल्ब टेकवूच नका.

आणि १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २०चा पिवळा नको, दांडिया बाजारातले काका कितीही ठासून सांगोत. मग फ्यूजऐवजी वायर जळते.