टँकचं पाणी आणि आपण: टोपी, तेल, गॉगल, कॉस्च्यूम यांत काय घ्यावं, काय सोडावं

माझा पोहण्याचा पहिला कॉस्च्यूम तिसऱ्या महिन्यात मागच्या बाजूने विरला. उजेडात धरला की पलीकडचं दिसायचं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, क्लोरीनने होतंच," आणि त्याने तसाच दुसरा काढून दाखवला. त्या दिवशी मी पहिल्यांदा आतल्या शिवणीतलं लेबल वाचलं: नायलॉन 80 टक्के, स्पॅन्डेक्स 20 टक्के. बाजूला एक साधा, काळा, जरा जाड वाटणारा कॉस्च्यूम टांगलेला होता. त्यावर लिहिलं होतं, पॉलिएस्टर आणि पीबीटी. तो घेतला. आता दुसरा उन्हाळा चालू आहे आणि त्याचं कापड अजून घट्ट आहे.

यंदा बॅच लावू म्हणणाऱ्या मैत्रिणी मला एकच प्रश्न विचारतात: क्लोरीनपासून वाचायला नेमकं काय काय घ्यायचं? बाजारात प्रत्येक गोष्टीचे चार प्रकार आहेत आणि दुकानात सगळंच गरजेचं वाटतं. माझं मत असं झालंय की सगळ्यात जास्त काम साधं नळाचं पाणी करतं, तेही पोहण्याआधी आणि पोहल्यावर लगेच. पैसे आधी डोळ्यांवर घालावेत, मग कॉस्च्यूमवर. केसांच्या खास बाटल्या सगळ्यात शेवटी.

पाण्यात काय असतं, ते आधी. नीट सांभाळलेल्या टँकमध्ये लिटरमागे साधारण 1 ते 3 मिलिग्रॅम क्लोरीन असतं आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, 7.2 ते 7.8 असतो. पिण्याच्या पाण्यात घरापर्यंत 0.2 मिलिग्रॅम उरावं अशी अपेक्षा असते, त्यावरून फरक लक्षात येईल. गावाकडे विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, तिच्याच घराण्यातलं हे औषध. ते जंतू मारतं म्हणूनच शंभर माणसं एका पाण्यात उतरू शकतात, त्यामुळे क्लोरीनला शत्रू समजू नये. त्रास देणारी गोष्ट बऱ्याचदा वेगळीच असते. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. टँकच्या दारातच नाकात शिरणारा तो उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर मुख्यतः त्यांची. म्हणजे वास जास्त येतो तिथे औषध जास्त पडलंय असं नाही. उलट ते घाण निस्तरण्यात खर्ची पडलेलं असतं. आधी शॉवर घ्या असं कोच ओरडून सांगतात ते यासाठी. एक मिनिटाच्या शॉवरनेही अंगावरचं बरंचसं निघून जातं.

केस: तेल, कंडिशनर की टोपी?

आमच्या घरी यावरून बराच काळ दोन पक्ष होते. सासूबाई मुलीच्या डोक्याला चपचपीत तेल लावून वेणी घालायच्या आणि कोच तिला परत पाठवायचे. मला दोघांचंही पटायचं, म्हणून दोन्ही बाजू नीट समजून घेतल्या.

तेलाच्या बाजूने बोलायला आधार आहे. मुंबईतल्या दोन संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. केसांतलं प्रथिन धुऊन जाणं खोबरेलाने कमी झालं, बाकी दोन्हींनी नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आतपर्यंत शिरतं, हे त्याचं कारण. तो अभ्यास टँकच्या पाण्याचा नव्हता, पण तेलाने केस कमी फुगतो ही गोष्ट इथेही कामाची आहे. कोचची बाजूही तितकीच खरी आहे. तेल पाण्यात उतरलं की क्लोरीन त्याच्यावर खर्च होतं, फिल्टर चोंदतो आणि टाइल्सवर चिकट रेघ बसते. एका वेणीचं तेल पाहिलं तर थोडंच, पण बॅचला पन्नास मुली असतात.

यातून निघणारा मार्ग साधा आहे. केस आधी शॉवरखाली पूर्ण भिजवायचे. कोरडा केस पाणी पितो. तो नळाचं पाणी पिऊन आधीच भरलेला असेल तर टँकचं पाणी त्यात कमी शिरतं. याला पैसे लागत नाहीत आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. मग केस लांब असतील तर फक्त टोकांना खोबरेलाचे तीन-चार थेंब किंवा चमचाभर कंडिशनर चोळायचं, अंबाडा बांधायचा आणि वर टोपी घालायची. टँकच्या नियमात तेलाला बंदी असेल तर कंडिशनरचाही हट्ट नको, भिजवलेले केस आणि टोपी पुरते. खोबरेल रात्री लावा, सकाळी धुवा. तेही वाया जात नाही.

टोप्यांमध्ये तीन जाती. कापडी लायक्राची टोपी डोक्याला मऊ, लहान मुलं ती कुरकुर न करता घालतात, पण तिच्यातून पाणी सरळ आत येतं. ती केस गोळा करून ठेवते, वाचवत नाही. लॅटेक्सची स्वस्त आणि पातळ. काढताना केस ओढले जातात, काहींना रबराची ॲलर्जी असते, आणि तेल लागलं की लॅटेक्स लवकर खराब होतं. म्हणजे तेल लावणाऱ्यांसाठी ती बादच. सिलिकॉनची जाड, जरा महाग, पण टिकाऊ. मी सिलिकॉनचीच सांगेन. लांब केसांसाठी मागे फुगीर असलेली मोठी टोपी मिळते, तीच मागा. नेहमीच्या मापात अंबाडा कोंबला की टोपी कपाळावरून सरकत राहते. मात्र कुठल्याही टोपीत केस कोरडे राहतील अशी आशा ठेवू नका. कानाजवळून आणि मानेकडून पाणी शिरतंच. टोपीचा उपयोग असा की आत शिरलेलं पाणी तेवढंच राहतं, सारखं बदलत नाही.

शाम्पूंचं काय? "स्विमर्स शाम्पू" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांमध्ये कामाचे घटक साधारण दोन तऱ्हेचे. एक क्लोरीनला निष्प्रभ करणारे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट किंवा क जीवनसत्त्व. मत्स्यालयाच्या दुकानात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला जे देतात ते बहुधा थायोसल्फेटच. दुसरे धातू पकडून बाहेर काढणारे, जसं ईडीटीए. आठवड्यातून दोन-तीनदा पोहणाऱ्या आणि रंग न लावलेल्या केसांना यांची गरज मला वाटत नाही. पाण्यातून बाहेर आल्याबरोबर केस भरपूर धुणं, सौम्य शाम्पू आणि कंडिशनर एवढं पुरतं. रोज पोहणारे, केसांना रंग लावणारे आणि पांढरे केस असलेले यांनी मात्र ईडीटीएवाली बाटली आठवड्यातून एकदा वापरावी. पांढऱ्या किंवा ब्लीच केलेल्या केसांवर हिरवट झाक येते, तिचा दोष क्लोरीनला देतात, पण ती तांब्याची असते. शेवाळ मारायला टँकमध्ये मोरचूद वापरतात, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात असतो तोच. ते तांबं केसाच्या प्रथिनाला चिकटतं. साधा शाम्पू कितीही चोळला तरी ते हटत नाही.

डोळे

इथे तडजोड करू नका. मुलीच्या पहिल्या बॅचला मी पटकन मिळाला तो रंगीत गॉगल घेतला होता. त्याच्या कडा कडक प्लास्टिकच्या होत्या. पंधरा मिनिटांत आत पाणी, मग तो कपाळावर, आणि संध्याकाळी डोळे लालभडक. गॉगल घेताना कडा सिलिकॉनच्या आहेत का पाहा आणि पट्टा न लावता नुसता डोळ्यांच्या खाचेवर दाबा. दोन-तीन सेकंद हवेने धरून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. पडला तर कितीही महाग असला तरी गळणार, आणि पट्टा करकचून आवळून ते दुरुस्त होत नाही. उघड्या टँकवर सकाळी-दुपारी गडद किंवा आरशासारखी काच बरी. बंद टँक आणि संध्याकाळच्या बॅचला पारदर्शक. आतून धुकं न धरण्याचा थर असतो, तो बोटाने पुसला की गेला. म्हणून आतली बाजू फक्त पाण्याने विसळायची.

चष्मा असलेल्यांपुढे तीन रस्ते असतात: तसंच अंधुक पोहणं, कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहणं, किंवा नंबरचा गॉगल. लेन्सचा रस्ता बंदच समजा. अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव पाण्यात असू शकतो, त्याचं कवचधारी रूप टँकच्या क्लोरीनला सहज दाद देत नाही, आणि लेन्सखाली अडकला तर बुबुळाला गंभीर जंतुसंसर्ग होतो. नजर जाण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. वर गॉगल घालीन म्हणूनही लेन्स घालू नये, कारण गॉगल कधी ना कधी गळतोच. नंबरचे तयार गॉगल ऋण नंबरांमध्ये अर्ध्या-अर्ध्याच्या अंतराने मिळतात. त्यांत सिलिंडर नंबर (तिरकस नजरेसाठीचा नव्हे, तर बुबुळाच्या असमान गोलाईसाठीचा) नसतो, पण लेन ओळखायला आणि भिंतीवरचं घड्याळ वाचायला पुरतात. दोन्ही डोळ्यांचे नंबर फार वेगळे असतील तर सुट्या काचांचा मागा.

पोहून आल्यावर डोळ्यांवर स्वच्छ पाण्याचे हबके, आणि चुरचुर राहिली तर कृत्रिम अश्रूंचे थेंब. गुलाबपाणी घालू नका. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब स्वतःच्या मनाने आणू नका, त्यांत स्टेरॉइड असू शकतं. दुखणं किंवा उजेड सहन न होणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जा.

त्वचा

इथे थोडक्यात आटोपतं. काळवंडण्याची भीती जवळपास प्रत्येक आई बोलून दाखवते, पण ते काम उन्हाचं आहे. त्यासाठी पाण्यात टिकणारं सनस्क्रीन उतरण्याआधी पंधरा मिनिटं लावावं, किंवा बॅच सकाळी सातच्या आत घ्यावी. मला दुसरा उपाय जास्त आवडतो. क्लोरीन करतं ते एवढंच की त्वचेवरचं नैसर्गिक तेल काढून घेतं, मग नडग्या आणि कोपर पांढरे पडतात. पोहून आल्यावर साबण की बेसन, असं विचाराल तर दोन्ही नको. साध्या साबणाचा पीएच 9-10च्या घरात असतो आणि बेसन उरलेलं तेलही ओढून घेतं. कोमट पाणी, काखा-पायांपुरता सौम्य बार, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. महागडी क्रीम आणि साधं पेट्रोलियम जेली यांत कोरडेपणापुरता मला फरक दिसला नाही, जेली फक्त चिकट लागते. एक्झिमा असलेल्या मुलांना मात्र आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवूनच पाण्यात उतरवा.

कॉस्च्यूम

आता पुन्हा त्या लेबलकडे. कापडाला ताण देतो तो स्पॅन्डेक्स, ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो. क्लोरीन त्याचे धागे हळूहळू तोडतं, आणि नायलॉनलाही ते सोडत नाही. म्हणून नायलॉन-स्पॅन्डेक्सचा कॉस्च्यूम अंगावर सुरेख बसतो, रंग छान असतात, पण बसण्याच्या जागी आधी ढिला, मग विरळ होतो. पॉलिएस्टर क्लोरीनला चांगलं टिकतं. पीबीटी हेही पॉलिएस्टरच्याच जातीचं, पण त्याला अंगचाच थोडा ताण असतो, त्यामुळे स्पॅन्डेक्सशिवाय भागतं. उणं काय? स्पर्श जरा खरखरीत, ताण कमी, आणि रंगांना मर्यादा. त्यामुळे माप काटेकोर लागतं. घालून, वाकून, हात वर करून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आपल्याकडे बऱ्याच बायका गुडघ्यापर्यंत पाय आणि बाह्या असलेला कॉस्च्यूम घेतात. त्यात कापड कमी ताणतं तिथे काखेत काचतं, तेवढं बघून घ्या.

वर्षातून आठ-पंधरा दिवस रिसॉर्टवर जाणार असाल तर नायलॉनचा खुशाल घ्या. आठवड्यातून तीन दिवसांची बॅच असेल तर पॉलिएस्टर-पीबीटीच. मधला पर्याय म्हणजे क्लोरीन-रोधक स्पॅन्डेक्सचा. तो साध्यापेक्षा जास्त टिकतो आणि बसतोही चांगला, पण किंमत सहसा वर जाते. सुती टी-शर्ट घालून उतरणं हा पर्याय नाही. सुताचे तंतू फिल्टरमध्ये जातात आणि बहुतेक टँकवर अडवतात.

कुठलाही घ्या, घरी येईपर्यंत तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका. टँकवरच्याच शॉवरखाली अंगावर असतानाच नीट भिजवा, घरी थंड पाण्यात विसळा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत टांगा. वॉशिंग मशीनमध्ये तर कधीच नको. पहिल्या कॉस्च्यूमच्या वेळी मी यातलं काहीच करत नव्हते. बादलीत गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि गॅलरीतलं कडक ऊन, हा माझा रोजचा क्रम होता. कापडाच्या जातीइतकाच त्याचाही वाटा असणार.

आणि टँक निवडताना

दोन टँकमध्ये निवड करायची असेल तर फी भरण्याआधी गर्दीच्या बॅचला एकदा जाऊन उभ्या राहा. उघड्या टँकवर ऊन लागतं, पण क्लोरामाइनची वाफ उडून जाते. बंद टँकवर ऊन वाचतं, पण हवा खेळती नसेल तर तीच वाफ पाण्यावर साचून राहते, आणि दम्याच्या मुलांना ती बाधते. "आमच्याकडे मिठाचं पाणी आहे, क्लोरीन नाही," असं कुणी सांगितलं तर ते बरोबर नाही. त्या यंत्रात मिठापासूनच क्लोरीन तयार होतं. ओझोन किंवा यूव्हीवाल्या टँकमध्येही थोडं क्लोरीन ठेवावंच लागतं. खोल टोकाला तळाची रेघ स्पष्ट दिसते का पाहा. क्लोरीन आणि पीएचचे आकडे लिहिलेला फळा शोधा, आणि त्यावर आजची तारीख आहे का तेही पाहा. मग शॉवरकडे जा आणि सगळ्या तोट्या स्वतः फिरवून बघा. पाणी येत नसेल तर बॅचमधलं कुणीच अंग धुऊन उतरत नाहीये.